लिनक्स संगणकाचा काळा पडदा : निदान आणि उपाय

संगणकाचा पडदा काळा पडला की आपण 'संगणक गेला' असे म्हणून मोकळे होतो. टीव्हीच्या बाबतीत हे म्हणणे चालून जाते, कारण टीव्हीत आपले स्वतःचे काही ठेवलेले नसते. संगणकात मात्र लेख, प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांचे प्रबंध, टंकून ठेवलेली जुनी बाडे असा ऐवज असतो, आणि 'गेला' या एका शब्दात तो सगळाच गेल्याची समजूत होते. लिनक्स असलेल्या संगणकावर अपडेटनंतर पडदा काळा पडला, तर बहुतेक वेळा बिघाड ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये असतो. यंत्र चालू असते, फाइली जागच्या जागी असतात. फक्त चित्र आपल्यापर्यंत पोहोचत नसते. ते कोठे अडले हे कसे शोधावे आणि हाती काय उपाय आहेत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी मराठी साहित्य शिकवते; संगणकशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही हा लेख लिहावासा वाटला, कारण मराठीचे काम करणाऱ्या माणसाला ही माहिती मराठीतून सहसा मिळत नाही. आमच्या विभागात विद्यार्थ्यांनी गोव्यातील गावोगावच्या उत्सवी नाटकांच्या हस्तलिखित संहिता गोळा करून टंकायला घेतल्या होत्या. एका पावसाळी सकाळी त्या कामाचा संगणक सुरू केला, तर कंपनीचे बोधचिन्ह आले आणि पुढे काळोख. बोलावलेल्या तंत्रज्ञाने पाच मिनिटांत निर्णय दिला, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल." शेवटच्या तीन आठवड्यांचे टंकन त्याच यंत्रावर होते. मूळ वह्या मालकांना परत गेल्या होत्या आणि त्यांतल्या एका वहीची पाने पुन्हा उलटण्याच्या स्थितीतही नव्हती. फॉरमॅट केला असता तर चित्र परत आले असते. त्या अर्थी तंत्रज्ञाचे म्हणणे खोटे नव्हते. पण चित्रासाठी संहिता द्याव्या लागल्या असत्या. आम्ही त्याला थांबवले, खाली दिलेल्या क्रमाने गेलो, आणि दीड तासात संहिता पेन ड्राइव्हवर होत्या व कारणही सापडले होते.

चित्र पडद्यापर्यंत कसे येते

आपण एक अक्षर टंकतो आणि ते पडद्यावर दिसते, या दरम्यान बरेच हात लागतात. लेखनाचा प्रोग्रॅम अक्षराचा आकार ठरवून घेतो. खिडक्या, मेनू, पार्श्वभूमी हे सगळे एकत्र मांडण्याचे काम डेस्कटॉप करतो. त्याच्याखाली एक्स किंवा वेलँड ही व्यवस्था असते. एक्सचा जन्म १९८४ साली अमेरिकेतील एमआयटीत झाला. वेलँडचे काम २००८ साली सुरू झाले. त्यांना रेखाटनासाठी मेसा नावाचा ग्रंथसंग्रह मदत करतो, जो ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये लिहायला घेतला. त्याखाली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि कर्नलमध्ये राहणारा ग्राफिक्स ड्रायव्हर. शेवटी प्रत्यक्ष कार्ड, केबल आणि मॉनिटर.

ड्रायव्हर हा यातला दुभाषी आहे. कर्नलची भाषा कार्डाला कळत नाही आणि कार्डाची भाषा कर्नलला. दोघांमधले बोलणे हा दुभाषी करतो. कर्नल बदलला आणि दुभाष्याला नवी बोली आली नाही, की बोलणे खुंटते. अपडेटनंतर पडदा काळा पडण्यामागे नेहमी आढळणारी गोष्ट ही आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वी पडद्याची लांबी-रुंदी व बिंदूंची संख्या ठरवण्याचे काम एक्स करीत असे. २००९ पासून ते हळूहळू कर्नलमधल्या ड्रायव्हरकडे आले. त्यामुळे यंत्र सुरू होतानाच्या अगदी पहिल्या क्षणांत ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेतो, आणि तो अडखळला तर तेव्हाच काळोख होतो.

हात लावण्याआधी काय पाहावे

पहिली तपासणी कीबोर्डावर होते. कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जागा आहे आणि अडचण बहुधा चित्रापुरतीच आहे.

दुसरी तपासणी केबलची. संगणकाच्या मागे केबल लावायच्या दोन जागा असू शकतात, एक मदरबोर्डाची व एक वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची. टेबल हलवताना केबल चुकीच्या जागी लागली तर मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवतो आणि आपण ड्रायव्हरला दोष देत बसतो. आपल्याकडच्या दमट हवेत केबलच्या टोकांवर आणि मेमरीच्या पट्टीच्या संपर्कबिंदूंवर गंज किंवा बुरशी धरते, हेही विसरू नये.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची : काळोख नेमका कोणत्या क्षणी होतो? बटण दाबल्यावर कंपनीचे बोधचिन्हही दिसत नसेल तर लिनक्स अजून सुरूच झालेले नाही. दोष केबल, मॉनिटर, मेमरी किंवा कार्डात शोधावा. बोधचिन्ह दिसते, पुढे काळोख होतो, तर संशय कर्नल व ड्रायव्हरवर घ्यावा. पासवर्ड विचारणारा पडदा येतो, पण पासवर्ड देताच काळोख होतो किंवा तोच पडदा परत येतो, तर दोष डेस्कटॉपच्या पातळीवर असू शकतो. डिस्क काठोकाठ भरली असतानाही असेच घडते. आणि सगळे दिसते, पण ढोबळ आकारात व संथपणे, तर योग्य ड्रायव्हर चढलेला नाही व काम कसेबसे पर्यायी मार्गाने चालले आहे असे समजावे.

लिनक्सची एखादी लाइव्ह पेन ड्राइव्ह जवळ असेल तर तीही येथे उपयोगी पडते. तिच्यावरून संगणक सुरू केल्यावर चित्र नीट आले, तर कार्ड, केबल आणि मॉनिटर शाबूत आहेत. शिवाय तिच्यावरून आतल्या फाइली उघडून प्रतही घेता येते. डिस्क सांकेतिक कुलपात असेल तर मात्र तिचा पासवर्ड हाताशी हवा.

मजकुराचा पडदा

लिनक्समध्ये चित्राच्या पडद्याशिवाय नुसत्या मजकुराचे पडदे असतात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकत्र दाबाव्यात. काळ्या पार्श्वभूमीवर नाव व पासवर्ड विचारणारी ओळ आली, तर निम्मी लढाई जिंकली. नाव-पासवर्ड देऊन आत गेल्यावर पहिले काम दुरुस्तीचे करू नये. पहिले काम कामाच्या फोल्डरची पेन ड्राइव्हवर प्रत घेण्याचे.

येथे मराठी माणूस हमखास दचकतो. या पडद्यावर देवनागरीत नाव दिलेल्या फाइलींच्या जागी नुसते चौकोन किंवा ठिपके दिसतात. फाइली बिघडलेल्या नसतात. मजकुराच्या या पडद्याला फार थोडे अक्षराकार ठाऊक असतात आणि जोडाक्षरे घडवण्याची सोय त्याच्याकडे नाही. नाव टंकत बसू नये. सबंध फोल्डरचीच प्रत घ्यावी. दुसऱ्या संगणकावर तीच नावे नीट वाचता येतील.

जुना कर्नल आणि 'नोमोडसेट'

मजकुराचा पडदाही आला नाही, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि सुरुवातीलाच ग्रब नावाचा मेनू आणावा. उबुंटूवर नव्या यंत्रांत एस्केप व जुन्या यंत्रांत शिफ्ट दाबल्याने तो येतो. त्यातल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' या ओळीखाली कर्नलच्या एकाहून अधिक आवृत्त्या दिसतात, कारण नवा कर्नल आला तरी उबुंटू आधीचा एक ठेवून देते. आधीची आवृत्ती निवडावी. तिच्यावर चित्र आले तर निदान जवळजवळ झालेच : कार्ड ठीक आहे, फाइली ठीक आहेत, नवा कर्नल आणि ड्रायव्हर यांचे जमत नाही.

आम्ही साहित्यवाले पाठचिकित्सेत हेच करतो. पोथीच्या एका प्रतीत पाठ शुद्ध आहे आणि तिच्यावरून केलेल्या नकलेत भ्रष्ट आहे, तर दोष या दोन प्रतींच्या मधल्या टप्प्यात शिरला. शोध तेवढ्याच जागेत करायचा असतो.

जुन्या कर्नलनेही काम झाले नाही तर दुसरी वाट आहे. ग्रबच्या मेनूत पहिल्या ओळीवर थांबून कीबोर्डावरचे रोमन ई हे अक्षर दाबावे. काही ओळी दिसतील. त्यांपैकी 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लिपीत, नो-मोड-सेट हे तिन्ही भाग सलग जोडून लिहावा आणि एफ-१० दाबावे. या शब्दाचा अर्थ असा की, ड्रायव्हरने पडद्याचा ताबा घेऊ नये, यंत्राने मुळात जे साधे चित्र दिले आहे त्यावरच काम चालवावे. चित्र ढोबळ आणि संथ येते, पण येते. ही सूचना त्या एका वेळेपुरतीच असते. हा इलाज नव्हे. आत जाऊन इलाज करण्यासाठी उघडलेले दार आहे. काहीजण ती सूचना कायमची लिहून ठेवतात आणि संगणक म्हातारा झाला म्हणून कुरकुरतात.

यंत्राने लिहिलेली नोंद

संगणक सुरू होताना प्रत्येक पावलाची नोंद करतो. ती वाचल्याशिवाय औषध देऊ नये. पुढील आज्ञा प्रत्यक्षात लहान रोमन अक्षरांत टंकायच्या आहेत. येथे त्यांतील अक्षरांची नावे संयोगचिन्हे घालून देत आहे.

कार्ड कोणते आहे आणि कोणता ड्रायव्हर ते चालवतो आहे, हे पाहण्यासाठी एल-एस-पी-सी-आय लिहून, जागा सोडून, डॅश आणि के असे टंकावे. लांबलचक यादी येते. तिच्यात 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी' हा शब्द असलेली ओळ शोधावी. तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असे लिहून पुढे नाव असते. ती ओळच नसेल तर कार्डाला दुभाषी मिळालेला नाही.

बिघडलेल्या वेळी काय झाले हे पाहण्यासाठी 'जर्नल' हा शब्द व त्याला जोडून सी-टी-एल, मग जागा, डॅश-बी, पुन्हा जागा, डॅश आणि १ असे टंकावे. ही आज्ञा मागच्या खेपेची नोंद दाखवते. जुन्या कर्नलवर चित्र मिळवून ती दिली, तर आधीच्या फसलेल्या खेपेत काय घडले ते समोर येते. नोंद इंग्रजीत असते, पण नेहमी भेटणारी वाक्ये मोजकीच आहेत.

'फेल्ड टू लोड फर्मवेअर' असे दिसले तर कार्डाला लागणारी फाइल संगणकावर नाही. डेबियनवर हा अनुभव पूर्वी वारंवार येई, कारण मुक्त नसलेले फर्मवेअर तिथे मूळ संचात देत नसत. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते संचातच मिळते. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे असेल तर सिक्युअर बूट या सुरक्षाव्यवस्थेने सही नसलेला ड्रायव्हर दारातच अडवला आहे. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर तो विचारतात. तो पडदा घाईत ओलांडला की असे होते. आणि 'व्हर्जन मिसमॅच' असेल तर ड्रायव्हरचे दोन भाग वेगवेगळ्या आवृत्तींचे झाले आहेत. अपडेटनंतर संगणक पुन्हा सुरू केला नसेल, तर तेवढे करूनच हे बऱ्याचदा मिटते.

डिस्क भरली आहे का, हे डी-एफ आणि पुढे डॅश-एच या आज्ञेने कळते. एखाद्या ओळीत १०० टक्के दिसले तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी जागा मोकळी करावी.

कोणते कार्ड, कोणता उपाय

इंटेल आणि एएमडी यांच्या बाबतीत ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. इंटेलच्या बऱ्याचशा यंत्रांवर आय-९१५ हे नाव दिसेल, एएमडीच्या नव्या कार्डांवर एएमडीजीपीयू; हा दुसरा ड्रायव्हर २०१५ साली कर्नलमध्ये आला. त्यांच्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावरून काही उतरवून घेऊ नये. विंडोजवरची ती सवय येथे त्रासच वाढवते. कर्नल, फर्मवेअर आणि मेसा या तिघांचे अपडेट पूर्ण करणे, आणि नवा कर्नल त्रास देत असेल तर दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत जुन्यावर काम करणे, एवढे पुरते.

एन्व्हिडियाची गोष्ट वेगळी आहे. तिच्या कार्डांसाठी दोन ड्रायव्हर आहेत. एक कंपनीचा स्वतःचा. दुसरा नूव्हो नावाचा, कार्डांचे वर्तन बाहेरून अभ्यासून कार्यकर्त्यांनी लिहिलेला. तो २०१० साली कर्नलमध्ये समाविष्ट झाला. कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग २०२२ मध्ये खुला केला, पण तो ट्युरिंग व त्यानंतरच्या पिढीच्या कार्डांपुरता. कंपनीचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून येत असल्याने प्रत्येक नव्या कर्नलशी त्याची नव्याने जुळणी व्हावी लागते. ही जुळणी अपडेटच्या वेळी आपोआप होते, आणि कधी कधी होत नाही.

महाविद्यालयांत व ग्रंथालयांत जुनी यंत्रे वर्षानुवर्षे चालतात, म्हणून जुन्या कार्डांचा विचार आवश्यक आहे. कंपनी जुन्या कार्डांसाठी ड्रायव्हरच्या वेगळ्या शाखा ठेवते आणि काही वर्षांनी त्या बंद करते. ३४० क्रमांकाची शाखा २०१९ अखेर आणि ३९० क्रमांकाची २०२२ अखेर बंद झाली. त्यानंतरच्या कर्नलांशी त्यांची जुळणी व्हावी ही जबाबदारी कंपनीवर राहिलेली नाही. आमच्या विभागातल्या संगणकाला नेमके हेच झाले होते : नवा कर्नल आला, जुन्या शाखेचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही.

अशा वेळी उबुंटूवर, जुन्या कर्नलने किंवा 'नोमोडसेट' वापरून आत जावे, 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' ही खिडकी उघडावी आणि नूव्होची निवड करून संगणक पुन्हा सुरू करावा. नूव्हो क्वचित अडखळतो आणि खेळांसाठी तो कमी पडतो. लेखन, वाचन, छपाई यांसाठी तो पुरेसा आहे. कार्ड अजून कंपनीच्या चालू शाखेत असेल तर त्याच खिडकीतून शिफारस केलेला ड्रायव्हर घ्यावा. प्रोसेसरमध्येच चित्राची सोय असलेल्या यंत्रात तिसरा मार्गही आहे : वेगळे कार्ड काढून ठेवावे आणि केबल मदरबोर्डाला लावावी. टंकलेखनाच्या संगणकाला वेगळ्या कार्डाची गरज फारशी नसतेच.

चित्र आले पण सगळे संथ आहे, तर सेटिंग्जमध्ये संगणकाची माहिती देणारे पान पाहावे. ग्राफिक्सच्या पुढे 'एलएलव्हीएमपाइप' हा शब्द असेल तर कार्ड स्वस्थ बसले आहे आणि त्याचे काम प्रोसेसर उपसतो आहे. दुरुस्ती अर्धवट राहिली, असा त्याचा अर्थ.

देवनागरी मोडते तेव्हा

आपल्या कामात एक घोटाळा नेहमी होतो. जोडाक्षर सुटे दिसते, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, रफार भलतीकडे जातो, आणि 'ग्राफिक्स बिघडले' म्हणून ड्रायव्हर बदलला जातो. या दोषाचा ड्रायव्हरशी संबंध नाही. 'कि' लिहिताना संगणक आधी क साठवतो आणि मग वेलांटी; दाखवताना वेलांटी आधी यावी लागते. ही घडण लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची प्रणाली फाँटच्या मदतीने करते. अक्षरे मोडली तर फाँट पाहावा, आणि एकाच प्रोग्रॅममध्ये मोडली तर तो प्रोग्रॅम पाहावा.

अक्षरांसकट सगळे चित्रच फाटते, रंगीत पट्टे येतात, पडदा लुकलुकतो, तेव्हा संशय खालच्या पातळीवर न्यावा. तिथेही एक सोपी कसोटी आहे. पडदा बिघडलेला दिसत असताना त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडावा. पट्टे त्यातही असतील तर चित्र रंगतानाच बिघडले आहे. ड्रायव्हर, मेसा किंवा कार्ड तपासावे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर चित्र नीट तयार झाले आणि वाटेत बिघडले. केबल, मॉनिटर व पडद्याची मांडणी आधी पाहावी. पाचशे रुपयांच्या आतल्या केबलसाठी सबंध संगणक निकालात काढण्याची वेळ या कसोटीने टळू शकते.

टेबलावरची वही

या सगळ्यात एक पथ्य आहे : एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. तीन उपाय एकदम केले आणि चित्र आले, तर कशाने आले हे कळत नाही. नाही आले, तर आपणच आणखी काय बिघडवले तेही कळत नाही. आमच्या संगणकाशेजारी आता एक दोनशे पानी वही असते. तिच्यात तारीख, कार्डाचे नाव, कर्नलची आवृत्ती, काय दिसले, काय केले आणि त्याचा परिणाम, असे सहा रकाने मराठीत भरतात. कोणाकडे मदत मागायची वेळ आली तर हीच सहा उत्तरे आधी विचारली जातात. ती हाती असली की अर्धा वेळ वाचतो.

फॉरमॅट हा उपाय यादीतून पुसायचा नाही, पण त्याची जागा सर्वांत शेवटी आहे, आणि तीही प्रत घेऊन, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्यानंतरची. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही एवढेच लिहून ठेवले आहे : पडदा काळा दिसला तर आधी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहा, मग प्रत घ्या, आणि दोन्ही होईपर्यंत कोणालाही काहीही पुसू देऊ नका.